यादी कोणाकडे आहे?



सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टी मराठवाडा लवकर विसरणार नाही. उभी पिके पाण्यात गेली, जमिनी खरवडून गेल्या, दावणीची जनावरे वाहून गेली. जायकवाडीतून इतके पाणी सोडावे लागले की गोदाकाठच्या हजारो लोकांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले. पुढे राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मग कितीतरी दिवस चावडीवर, चहाच्या टपरीवर आणि मस्जिदीच्या ओट्यावर एकच बोलणे होते. हेक्टरी किती मिळणार? पंचनामा झाला का? खात्यात पैसे आले का?

हे बोलणे गैर नव्हते. ज्याचे शेत गेले त्याच्या घरातला घास गेला. पण या सगळ्या हिशेबात काही प्रश्न आमच्या कानावर क्वचितच आले. त्या आठवड्यात ज्या बायकांचे दिवस भरले होते, त्या कुठे बाळंत झाल्या? ज्यांच्या कडेवर आठ-दहा दिवसांचे बाळ होते, त्यांना कोरडी जागा कोणी दिली? ज्यांची लोहाच्या गोळ्यांची पाकिटे आणि तपासणीची कार्डे चिखलात गेली, त्यांना ती पुन्हा कधी मिळाली? शेताचा पंचनामा होतो, घराचा होतो. गरोदर बाईचा पंचनामा कोणी करत नाही. म्हणून या महिन्यात या सदरात आम्ही याच विषयावर लिहीत आहोत.

आकडा आपल्याच वस्तीचा

आधी थोडे गणित करू. महाराष्ट्राचा जन्मदर साधारण हजारी १५ आहे. म्हणजे दहा हजार लोकवस्तीच्या गावात वर्षाला सुमारे दीडशे मुले जन्माला येतात. महिन्याला बारा-तेरा. कोणत्याही एका दिवशी अशा गावात शंभराच्या वर बायका गरोदर असतात. आठ दिवस रस्ते बंद राहिले, तर त्या आठ दिवसांत तिघींची वेळ येणारच. पूर आला म्हणून बाळ थांबत नाही.

डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगतात. शंभर गरोदर बायकांपैकी साधारण पंधराजणींना काही ना काही गुंतागुंत होते. कुणाचा रक्तदाब वाढतो, कुणाचे मूल आडवे असते, कुणाला बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही. या पंधराजणी कोणत्या, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. सात महिने सगळे ठीक असलेली बाई आठव्या महिन्यात अडचणीत येऊ शकते. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव तर धडधाकट बाईलाही दोन तासांत घेऊन जातो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या राज्याने या बाबतीत मोठी मजल मारली आहे. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. दवाखान्यात बाळंतपण, आशाताईंच्या घरभेटी, १०८ ची गाडी, मोफत सिझेरियन आणि मोफत औषधे या सगळ्यांचे हे फळ आहे. पण ही सारी साखळी रस्ता, वीज आणि फोन या तीन गोष्टींवर उभी आहे. पुरात नेमक्या याच तीन गोष्टी आधी जातात.

आमचे लासूर स्टेशन तसे सोयीचे गाव. रेल्वे आहे, मोठी बाजारपेठ आहे. एका बाजूला गंगापूर, दुसऱ्या बाजूला वैजापूर. छत्रपती संभाजीनगरची घाटी सुमारे ४० किलोमीटर. एरवी तासाभराची वाट. पण शिवना भरून वाहू लागली, शिवारातल्या ओढ्या-नाल्यांवरचे पूल पाण्याखाली गेले, की हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. गावातून निघता येते, पण वाडी-वस्तीवरून गावात येता येत नाही. फोन लागला तरी गाडी पुलाच्या पलीकडे उभी राहते.

मातामृत्यूचा अभ्यास करणारे लोक तीन उशीर सांगतात. पहिला, दवाखान्यात न्यायचे हे घरात ठरायला होणारा उशीर. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोहोचायला होणारा उशीर. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. आपत्तीत दुसरा आणि तिसरा उशीर आपल्या हातात फारसा राहत नाही. पहिला मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतो.

किल्लारीने काय शिकवले

ही वेळ मराठवाड्यावर पहिल्यांदा आलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणेश विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली, त्याच्या दुप्पट जखमी झाली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ अशी गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. पुढे पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली. जागतिक बँकेच्या मदतीने घरबांधणीचा फार मोठा कार्यक्रम राबवला गेला आणि तो काही वर्षे चालला.

घरे बांधायला सिमेंट लागते, इंजिनिअर लागतात, पैसा लागतो. ते सगळे आले. पण पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या बाईला कोणता महिना चालू आहे, तिच्या अंगात रक्त किती आहे, तिचे आधीचे मूल ढिगाऱ्यात गेले असेल तर ती जेवते की नाही, हे इंजिनिअरला कसे कळणार? ते कळायला त्याच गावातली, त्याच गल्लीतली बाई लागते.

ही गोष्ट त्या काळी काही लोकांनी ओळखली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने शेकडो गावांत महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. सरकारी योजना घरोघर समजावून सांगायची, लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या, असे त्यांचे काम. सुरुवात घरदुरुस्तीपासून झाली. पण बायका एकत्र आल्या की बोलणे घराच्या भिंतीवर थांबत नाही. पाणी, रेशन, अंगणवाडी, दवाखाना हे विषय आपोआप आले. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि आपले अनुभव सांगायला गेल्या.

तुळजापूर तालुक्यातील अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे केले. भूकंपग्रस्त भागातील गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांना नाव दिले ‘भारतवैद्य’. यातल्या कितीतरी बायका फार शिकलेल्या नव्हत्या. पण गरोदर बाईची काळजी, बाळाचे वजन, साधे आजार, धोक्याची लक्षणे आणि कुणाला ताबडतोब दवाखान्यात पाठवायचे हे त्या शिकल्या. डॉक्टर गावात रोज येऊ शकत नाही. भारतवैद्य तर गावातच राहत होती.

जमिनीत गाडल्या गेलेल्या सास्तूरचेही उदाहरण पाहा. भूकंपानंतर तिथे उभे राहिलेले स्पर्श रुग्णालय आज आसपासच्या गावांतील बाळंतपणांसाठी ओळखले जाते. पण इमारत उभी राहिली म्हणून बाई तिथे जातेच असे नाही. तिला तिथवर हात धरून नेणारी कोणीतरी ओळखीची लागते.

दुष्काळातही हेच दिसले होते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. पाठोपाठ १९७२ चा भयंकर दुष्काळ आला. त्या उपासमारीच्या काळात त्यांना कळून चुकले की दवाखान्यात बसून मुले वाचत नाहीत. त्यांनी गावोगावच्या बायकांना, बहुतेक अक्षरओळखही नसलेल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे जगभरातून लोक हे काम पाहायला जामखेडला येऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आपल्या दारी आशाताई बाळाला पाहायला ठरलेल्या दिवशी येते, ती पद्धत या कामातून देशभर गेली आहे.

भूकंप असो, दुष्काळ असो की गडचिरोलीचे जंगल, दवाखाना दूर किंवा बंद असताना आई आणि बाळ वाचले ते त्यांना नावाने ओळखणाऱ्या बाईमुळे. आपत्तीनंतर मातेची आणि बालकाची आरोग्यसेवा पुन्हा उभी करायची असेल, तर पहिली वीट ही आहे. आणि ती वीट पूर येण्याआधीच ठेवलेली असावी लागते.

आपल्या मोहल्ल्यात काय करता येईल

आता वाचकांना आमचा सरळ प्रश्न आहे. तुमच्या मोहल्ल्यात आज किती बायका गरोदर आहेत, कोणाला कितवा महिना आहे आणि किती घरांत दोन वर्षांच्या आतले मूल आहे, याची यादी कोणाकडे आहे?

बहुतेक जण म्हणतील, आशाताईकडे. बरोबर आहे. आशाताईकडे यादी असते आणि ती मेहनतीने सांभाळते. पण एका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती असते. पुरात तिचे स्वतःचे घरही पाण्यात असू शकते. शिवाय काही नावे तिच्या वहीत येतच नाहीत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक तिच्या सासरच्या गावच्या यादीत असते, इथल्या नाही. कामासाठी येऊन भाड्याने राहणारी कुटुंबे, वीटभट्टीवरची माणसे, ऊसतोडीला जाऊन आलेली बाई, यांची नोंद कुठेच नसते. आणि आपल्या घरांत एक जुनी सवय आहे. नजर लागेल म्हणून चौथा-पाचवा महिना होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही. दादी-नानीचा हेतू चांगला असतो. पण बाहेर कुणालाच माहीत नसलेली गरोदर बाई पुरात कुणालाच आठवत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक गल्लीतल्या दोन समजूतदार बहिणींनी एक वही करावी. एक थोडी वयस्क, जिचा शब्द सासवा ऐकतात. एक तरुण, जिला लिहिता-वाचता आणि फोन वापरता येतो. वहीत एवढेच लिहायचे : नाव, घर, अपेक्षित तारीख, रक्तगट, आधी सिझेरियन किंवा काही त्रास झाला होता का, पूर आल्यास ती कुठे जाणार आणि तिच्याबरोबर कोण जाणार. खाली दोन वर्षांच्या आतल्या मुलांची नावे. महिन्यातून एकदा वही नव्याने पाहायची आणि आशाताईच्या वहीशी जुळवायची. तिच्याकडे नसलेले नाव तिला द्यायचे. हे काम तिच्याविरुद्ध नाही, तिच्या मदतीला आहे.

एक पथ्य मात्र पाळा. ही यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. घरातली गोष्ट विश्वासाने सांगितलेली असते. ती चव्हाट्यावर गेली तर पुढच्या वेळी कोणी दार उघडणार नाही.

पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा आला की वही उघडायची. नववा महिना लागलेल्या आणि आधी सिझेरियन झालेल्या बाईला पाणी चढण्याआधी हलवायचे. माहेर, नणंद, खाला, कोणीही नातेवाईक गंगापूर, वैजापूर किंवा शहरात असेल तर तिथे. कुणीच नसेल तर सरकारी रुग्णालयात बोलून ठेवायचे. आकाश भरलेले असताना ‘अजून कळा कुठे आल्यात’ म्हणून वाट पाहणे हा तोच पहिला उशीर.

घरात एक पिशवी तयार ठेवा. तपासणीचे कार्ड आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन्हींचा फोटो नवऱ्याच्या आणि सासूच्या फोनमध्ये. लोहाच्या गोळ्या, बाळासाठी धुऊन वाळवलेली सुती फडकी, एक चादर, साबण, नवे ब्लेड, उकळून वाळवलेला दोरा, बॅटरी आणि पिण्याचे पाणी. ब्लेड आणि दोरा वापरायची वेळ न येवो. पण आलीच, तर चाकू, विळी किंवा जुन्या कात्रीपेक्षा हे शंभरपट बरे. दाईने किंवा घरातल्या बाईने आधी साबणाने हात धुवावेत. नाळेवर राख, हळद, शेण, तेल काहीही लावू नये. बाळाला लगेच आंघोळ घालू नये. कोरड्या फडक्याने पुसून आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवावे आणि वरून पांघरूण घालावे. थंडीने गारठलेले नवजात बाळ फार लवकर हातातून जाते.

दुधाचे डबे वाटण्याआधी

संकट आले की आपला समाज हात आखडत नाही. जकात, सदका, मोहल्ला कमिटी, तरुणांची मंडळे, सगळे पुढे येतात. धान्य, चादरी, भांडी जातात. आणि हमखास एक गोष्ट जाते : दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या. देणाऱ्याला वाटते, लहान बाळाची सोय झाली. पण यातून नुकसान होते.

मे २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्याकार्ता परिसरात मोठा भूकंप झाला. मदत म्हणून तिथे पावडरीचे दूध मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. नंतर पाहणी केली तेव्हा असे दिसले की ज्या लहान मुलांना हे दूध मिळाले होते, त्यांच्यात जुलाबाचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर होते. ज्यांना मिळाले नव्हते, त्यांच्यात ते साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होते. कारण उघड आहे. पावडर कालवायला स्वच्छ पाणी लागते, बाटली उकळायला चूल लागते. पुरात दोन्ही नसते. बाटलीतून बाळाच्या पोटात पुराचे पाणीच जाते. आपल्या देशात १९९२ पासून अशा दुधाच्या मोफत वाटपाला बंधन घालणारा कायदा आहे, तो यासाठीच.

‘भीतीने आईचे दूध आटले’ हे वाक्य प्रत्येक छावणीत ऐकू येते. घाबरलेल्या, उपाशी आईला दूध उतरायला वेळ लागतो हे खरे. पण ते संपत नाही. बाळ जितके ओढेल तितके दूध येते. तिला आडोसा द्या, पोटभर जेवण आणि पाणी द्या, शेजारी एक धीर देणारी बाई बसवा. एक-दोन दिवसांत दूध नीट येते. पहिले चिकाचे दूध फेकू नका, घुटी देऊ नका, सहा महिने वरचे पाणीही देऊ नका. बाळाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याची गोष्ट आपल्या घरांत नवी नाही, कुरआनात ती सांगितलेली आहे. छावणीत तिचे मोल दुप्पट होते. आई हयात नसेल किंवा खरोखरच पाजू शकत नसेल, तर त्या एका बाळासाठी डॉक्टर किंवा नर्सच्या सल्ल्याने व्यवस्था करावी. डबे सरसकट वाटू नयेत.

मग द्यायचे काय? बाळंतिणीला गरम जेवण, तिच्यासाठी वेगळा काढलेला वाटा, कारण घरात सर्वांत शेवटी तीच जेवते. ओआरएसची पाकिटे. स्वच्छ पाणी साठवायला झाकणाचे, नळाचे भांडे. मच्छरदाणी. मासिक पाळीची आणि बाळंतपणानंतर लागणारी स्वच्छ फडकी किंवा पॅड. आणि दवाखान्यात जायला गाडीभाडे.

छावणीत पडदा आणि इलाज

शादीखाना, मदरसा किंवा शाळेत छावणी लागली तर एक खोली फक्त गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांसाठी ठेवा. दाराला पडदा, आत दिवा, जवळ संडास आणि संडासापर्यंत उजेड. एवढे नसेल तर बाई रात्री पाणीच पीत नाही, दिवसभर अंग आखडून बसते आणि आजारी पडते. नाव लिहायला बसलेल्या पुरुष कार्यकर्त्याला आपल्या घरातली सून सांगणार नाही की तिला रक्त जाते आहे. त्या टेबलावर एक बहीण बसली तर सांगेल. वही सांभाळणाऱ्या दोघींची खरी गरज इथे लागते.

दुसरी नाजूक गोष्ट इद्दतीची. आपत्तीत नवरा गेला आणि बाई गरोदर असेल, तर तिची इद्दत बाळंतपणापर्यंत असते. काही घरांत या काळात तिला तपासणीलाही नेत नाहीत. इलाजाच्या गरजेसाठी बाहेर जायला मनाई नाही, हे आपले उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारा, पण विचारण्यात महिना घालवू नका. नवरा गमावलेल्या गरोदर बाईइतकी काळजीची गरज दुसऱ्या कुणाला असेल?

पुरुषांनी हे बायकांचे काम म्हणून बाजूला बसू नये. कोणाची गाडी पहिली निघेल, कोणता रस्ता शेवटपर्यंत चालू राहतो, कोणाचा रक्तगट काय, रात्री फोन कोण उचलेल, हे ठरवणे त्यांचे काम. २०२२ मध्ये पाकिस्तानात महापूर आला तेव्हा पूरग्रस्त भागात किमान साडेसहा लाख गरोदर स्त्रिया असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने दिला होता. एवढ्या बायकांपर्यंत कोणतेही सरकार पहिल्या दिवशी पोहोचू शकत नाही. पहिल्या दिवशी शेजारीच पोहोचतो.

पाणी ओसरल्यावर

पूर ओसरला, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या गेल्या, की खरे काम सुरू होते. चुकलेले लसीकरण सत्र पुन्हा कधी आहे, हे उपकेंद्रात जाऊन विचारा. कार्ड हरवले म्हणून लस थांबत नाही. जुनी नोंद आरोग्य केंद्रात असते, नवे कार्ड मिळते. बाळाला जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंकची गोळी पूर्ण चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगणवाडी बंद असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि तोंडी नव्हे, लेखी द्या. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण, ने-आण आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. मातृवंदना योजनेचे हप्ते कागद वाहून गेल्यामुळे अडले असतील, तर अशा बहिणीबरोबर एकदा कार्यालयात जा. एकटी गेली तर तिला ‘उद्या या’ म्हणतात. चौघी गेल्या तर कागद हलतो.

इमारतींचाही आग्रह धरायला हवा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे सरकारी रुग्णालयच कोसळले. जिथे जखमींना न्यायचे तीच जागा ढिगारा झाली होती. नंतर तिथे भूकंपाचे धक्के सोसणारे नवे रुग्णालय बांधले गेले. आपल्याकडे भूकंपापेक्षा पाण्याचे भय मोठे. उपकेंद्र सखल जागी आहे का, लसींच्या फ्रीजला वीज गेल्यावर काय सोय आहे, बाळंतपणाच्या खोलीत इन्व्हर्टर आहे का, हे ग्रामसभेत विचारायचे प्रश्न आहेत. ग्रामसभेला बायकांनी जावे आणि हे विचारावे.

आणि ज्या आईचे मूल गेले आहे तिच्याबद्दल थोडेसे. ‘लवकर दुसरे होऊ द्या, दुःख विसरेल’ असे तिला चहूबाजूंनी सांगितले जाते. अंगात रक्त नाही, मन ठिकाणावर नाही, अशा स्थितीत पुन्हा गरोदर राहणे तिच्यासाठी आणि येणाऱ्या बाळासाठी धोक्याचे आहे. तिला वेळ द्या. ती बोलत असेल तर ऐका, रडत असेल तर रडू द्या. जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्या. तोही इलाजच आहे.

पुढचा पाऊस आपल्या वेळेवर येईल. तो येण्याआधी एक वही आणि एक पेन आणायला फार पैसा लागत नाही. हा अंक वाचून झाल्यावर शेजारच्या घरात द्या आणि जुम्याच्या आधी दोघींनी मिळून आपल्या गल्लीतले पहिले नाव लिहून काढा. ज्या बहिणींनी अशी वही सुरू केली त्यांनी आम्हाला जरूर कळवावे. अडचणी आल्या तर त्याही लिहाव्यात. त्यांवर पुढच्या अंकांत बोलू, इन्शाअल्लाह.